आनुवंशिक, अनुवांशिक की जन्मजात?

दहावीतल्या एका मुलीने विचारलंय की पुस्तकात 'आनुवंशिक' छापलंय, पेपरात बऱ्याचदा 'अनुवांशिक' दिसतं आणि घरातले 'जन्मजात' म्हणतात, तर परीक्षेत काय लिहायचं आणि तिन्हीचा अर्थ एकच का?

लिहायचं आनुवंशिक, म्हणजे आई-वडिलांकडून जनुकांतून आलेलं. मूळ शब्द अनुवंश, त्याला इक प्रत्यय लागला की पहिल्या अक्षरातला स्वर वाढतो, समाजचं सामाजिक, परंपराचं पारंपरिक, अनुषंगचं आनुषंगिक, तसंच हे. वाढ फक्त पहिल्या अक्षराची, मधला 'वं' आहे तसाच राहतो. मग 'वां' आला कुठून? तर नुसत्या वंशला इक लावलं की वांशिक होतं, तो शब्द कानावर सारखा पडतो आणि लोक त्यालाच आधी अनु जोडून मोकळे होतात. पण वांशिक म्हणजे वांशिक भेदभाव, वांशिक दंगल वगैरे, तो विषयच निराळा.

जन्मजातचं मात्र नीट समजून घे, कारण तिथं गल्लत झाली तर विज्ञानच चुकतं. जन्मजात म्हणजे जन्मतः असलेलं, बस्स, ते कशामुळे आलं हे तो शब्द सांगतच नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू किंवा बहिरेपणा घेऊन जन्माला येऊ शकतं, आता हा दोष जन्मजात आहे पण आनुवंशिक नाही, तो विषाणूने केलाय.

याच्या उलट सिकलसेल हा रक्ताचा आजार बघ, आपल्याकडे विदर्भात आणि नंदुरबार भागात हा आजार बराच आहे. आई-वडील दोघंही वाहक, म्हणजे एक जनुक नेहमीचं (ए) आणि एक सिकलसेलचं (एस), रिपोर्टवर एएस, त्यांना स्वतःला सहसा काही त्रास नसतो, पण दोघांकडूनही एस जनुक आलं तर मूल एसएस होतं आणि ही शक्यता 25 टक्के, तीसुद्धा प्रत्येक गरोदरपणात नव्याने 25 टक्के, एक मूल आजारी झालं म्हणून पुढची तीन सुटली असं अजिबात नसतं. बरं, जन्मल्यावर पहिले काही महिने बाळ ठणठणीत दिसतं कारण गर्भातलं हिमोग्लोबिन रक्तात अजून शिल्लक असतं. त्यामुळे घरचे म्हणतात जन्मताना तर चांगलं होतं आणि घराण्यातही कुणाला नव्हतं, मग आनुवंशिक कसं? पण आजार कुणाला नसला तरी जनुक होतंच ना, ते दोन्ही बाजूंनी गुपचूप चालत आलेलं असतं.

आणखी एक शब्द म्हणजे जनुकीय, तोही आनुवंशिकच्या जागी सर्रास वापरतात. तंबाखूने तोंडातल्या पेशींच्या जनुकांत बिघाड होऊन कॅन्सर झाला तर बदल जनुकीयच आहे, पण तो त्या पेशींपुरता, बीजांडात किंवा शुक्राणूत नाही, त्यामुळे मुलांकडे जात नाही, आणि म्हणून त्याला आनुवंशिक म्हणता येत नाही.