आपले प्रश्न : न बोलणाऱ्या मुलासाठी बोलकं साधन, शाळेमार्फत

प्रश्न : मुलगी सात वर्षांची, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा कमी) आहे. तिला सगळं समजतं, पण शब्द फुटत नाही. जिल्हा परिषद शाळेत दुसरीत आहे. चित्र दाबलं की बोलणारं यंत्र शाळेतून मिळतं असं ऐकलं, पण मुख्याध्यापक म्हणतात अशी योजनाच नाही.
*– एक पालक, पारोळा तालुका*

उत्तर : या नावाची वेगळी योजना नाही, एवढं त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण हक्क आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम १७ सांगतं की ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला १८ वर्षांपर्यंत योग्य सहायक साधनं मोफत द्यायची. वाणीला पूरक आणि पर्यायी संवादपद्धतींना चालना देण्याची जबाबदारीही त्याच कलमात आहे. हे काम शाळेत समग्र शिक्षा अभियानाच्या समावेशित शिक्षण विभागाकडून होतं. त्यांचे विशेष शिक्षक गटसाधन केंद्रात भेटतात. मुख्याध्यापकांशी वाद घालण्याआधी त्यांना गाठा.

आधी दोन कागद तपासा. पहिला यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आणि त्यामागचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांच्या प्रमाणपत्रावर पुष्कळदा फक्त हातापायांचं लिहिलेलं असतं, बोलण्याचा उल्लेखच नसतो. मग साधनांच्या शिबिरात मूल जातं आणि खुर्ची किंवा कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) घेऊन परत येतं. दुसरा कागद म्हणजे शाळेने यू-डायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत केलेली नोंद. तिथे मुलीचा दिव्यांगत्वाचा प्रकार भरलेला नसेल, तर तालुक्याच्या यादीत ती दिसणारच नाही. मुख्याध्यापकांना नोंद उघडून दाखवायला सांगा. संकोच करू नका.

त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या स्पीच थेरपिस्टचा अहवाल घ्या. खाजगी फी परवडत नसेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. सगळा खेळ अहवालाच्या शब्दांवर असतो. ‘टॅब द्यावा’ एवढंच लिहिलं की कार्यालयात त्याची गणना मोबाइलमध्ये होते आणि फाइल बाजूला पडते. ‘आवाज देणारं संवादसाधन’ असं लिहून घ्या आणि खाली एकेक वस्तू मांडा : आठ किंवा दहा इंची टॅब, मराठी आवाज असलेलं संवाद अ‍ॅप, जाड कव्हर, गळ्यात किंवा खुर्चीला अडकवायचा पट्टा, बोट घसरत असेल तर पडद्यावर बसणारी छिद्रांची अ‍ॅक्रिलिक जाळी, आणि शिक्षक व पालकांचं प्रशिक्षण. जाळी मागाहून मागितली तर नव्याने अर्ज करावा लागतो. ती अ‍ॅपच्या चौकटींच्या मापाची लागते, म्हणून अ‍ॅप आणि चौकटींची संख्या आधी ठरवा.

मुलीला घरीच सहा-आठ आठवडे संवाद अ‍ॅप वापरायला द्या आणि त्या चाचणीची वही अहवालासोबत जोडा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ अ‍ॅप मोफत आहे, मराठीत आहे, आणि घरच्या साध्या फोनवर चालतं. रोज एक-दोन ओळी पुरेत : तारीख, प्रसंग, काय दाबलं, स्वतःहून की दाखवल्यावर. ‘मधली सुट्टी, खिचडी संपली, “अजून” दाबलं, स्वतःहून.’ अशा वीस ओळी असल्या की ‘हिला वापरता येईल का?’ हा प्रश्न कुणी विचारत नाही.

अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करा. प्रती गटशिक्षणाधिकारी आणि जिल्ह्याच्या समावेशित शिक्षण समन्वयकांना द्या. तिन्हीकडून आवक क्रमांकासह पोच घ्या. तोंडी मागणीला कोणी उत्तर देत नाही, कारण द्यावंच लागत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगतो. समग्र शिक्षेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंतची तरतूद धरतात. ती तुमच्या हातात येत नाही, आणि प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, साहित्य असे अनेक खर्च त्यातूनच निघतात. तेवढ्यात पूर्ण संच बसत नाही. म्हणून त्याच अहवालाची प्रत जोडून ग्रामपंचायतीकडेही अर्ज द्या. स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करणं ग्रामपंचायतीवर बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत ती मार्चअखेर घाईघाईने वाटली जाते, तेव्हा अर्ज दिवाळीच्या आसपास देऊन ठेवा. लेखी नकार आला किंवा उत्तरच आलं नाही, तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते. सोबत पोच लागेलच.

प्रश्न : वर्गातल्या मुलाला टॅब मिळाला. तो एकच चित्र सतत दाबत बसतो, नाहीतर यूट्यूब उघडतो. काढून घ्यावा का?
*– शिक्षिका, शहादा*

उत्तर : काढून घेऊ नका. बडबड करणाऱ्या मुलाची जीभ आपण काढून घेत नाही. यूट्यूबचा बंदोबस्त सोपा आहे : अँड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये ‘अ‍ॅप पिनिंग’ चालू करा आणि बाहेर पडायला पिन ठेवा. हा टॅब फक्त बोलण्यासाठी. गाण्यांसाठी दुसरा फोन.

एकच चित्र दाबण्याचं कारण बहुधा असं असतं की बाकीच्या चित्रांनी काय होतं, हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. बोलणारी मुलं वर्षभर ऐकतात, मग पहिला शब्द काढतात. इथे मात्र पहिल्या दिवसापासून ‘केळं कुठंय, दाखव’ अशी परीक्षा सुरू होते. ती बंद करा. तुम्ही स्वतः बोलताना त्याच्या टॅबवर एखादा शब्द दाबत जा. खिचडी वाढताना ‘अजून?’, दप्तर भरताना ‘संपलं’, वहीत काही अडलं की ‘मदत’. सुरुवातीला हवं, नको, अजून, संपलं, थांब, मदत, जा, बघ एवढे शब्द खूप झाले. फळं-प्राण्यांची पानं नंतर. प्रश्न विचारल्यावर मनात दहापर्यंत मोजा. आपण तीनलाच उत्तर देऊन मोकळे होतो.

चित्रांच्या जागा मात्र बदलू नका. मुलाचं बोट जागा लक्षात ठेवतं. दर आठवड्याला पान ‘नीटनेटकं’ केलं की त्याला पुन्हा पहिल्यापासून शोधावं लागतं.

प्रश्न : यंत्राची सवय लागली तर नातू कधीच बोलणार नाही, असं नातेवाईक म्हणतात.
*– आजोबा, चोपडा*

उत्तर : २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन-आढाव्यात नीट मोजमाप झालेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं पर्यायी साधनामुळे कमी झालं नव्हतं, बहुतेकांचं थोडं वाढलंच होतं. थेरपी चालू ठेवा, टॅबही चालू ठेवा.

प्रश्न : घरी आम्ही अहिराणी बोलतो. टॅब पुस्तकी मराठी बोलतो, आणि शेतात नेला की मुकाच होतो.
*– आई, साक्री*

उत्तर : मुका होतो, कारण मराठी आवाज नेटवरून येत असतो. टॅबच्या सेटिंगमध्ये ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ शोधा, गूगलच्या इंजिनाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘व्हॉइस डेटा’मधून मराठी डाउनलोड करा, मग विमान मोड लावून एकदा दाबून बघा. बोललं तर शेतातही बोलेल. मे महिन्यात उन्हात ठेवू नका. तापला की स्वतःच बंद पडतो.

अहिराणीसाठी तयार यांत्रिक आवाजाची वाट बघू नका. चौकटीवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करता येतो का, हे अ‍ॅप निवडतानाच तपासा. ‘माले पानी जोयजे’ (मला पाणी हवं), ‘आठे ये’ (इकडे ये) अशी घरची वाक्यं त्याच्याच वयाच्या मुलाकडून वदवून घ्या. मोठ्या माणसाचा आवाज वर्गात विचित्र वाटतो. शाळेचं पान मराठीत, घरचं अहिराणीत, दोन्ही ठेवा. घरच्या पानावर कळण्याची भाकर, भरीत, कानबाई हेही येऊ द्या. तयार अ‍ॅपात पिझ्झा असतो, हे नसतं. दर महिन्याला सगळ्या पानांचा बॅकअप घ्या, नाहीतर टॅब बिघडला की सगळं रेकॉर्डिंग जातं.

आणि साधन कपाटात कुलूपबंद ठेवायचा शाळेचा आग्रह असेल, तर ‘शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत साधन विद्यार्थ्याकडे राहील’ हे वाक्य सुरुवातीच्या अर्जातच घाला. मंजुरी झाल्यावर ते घालून घेणं फार जड जातं.