युक्का किंवा माडाचं खोड लेथवर कातताना तंतू का उपटून येतात?

तुम्ही विचारलंय की वाळलेल्या युक्काच्या (तलवारीसारख्या टोकदार पानांचं झाड) खोडाचा वाडगा कातताना तंतू उपटून येतात, पृष्ठभाग खरबरीतच राहतो, तर चुकतंय कुठे. दोष बहुधा तुमच्या हाताचा नाही. ते खोड मुळात सागवान-शिसवीच्या जातीचं लाकूडच नव्हे.

युक्का, ड्रॅसिना, ताड, माड ही सगळी एकदल झाडं. त्यांच्या खोडात वर्षावर्षाची वलयं नसतात. मऊ गरात कडक तंतूंच्या जुड्या विखुरलेल्या असतात. पटाशी गर सहज कापते, पण तंतूला मागून आधार नसतो. तो वाकतो आणि तुटायच्या आधी उपटून येतो. माझ्या पहिल्या माडाच्या वाडग्याला असे खड्डे पडले, म्हणून मी तासभर पॉलिश पेपर घासत बसलो. त्याने गर आणखी झिजला आणि तंतूंचे खुंट बोटाला टोचायला लागले.

तेव्हापासून मी आधी तुकडा निवडण्यात वेळ घालवतो. माडाच्या कडेचं लाकूड घनमीटरला ६०० किलोच्या वर जातं, गाभ्याचं ४०० च्याही खाली असतं. त्यामुळे माड असेल तर कडेचाच भाग घ्या. युक्का सगळीकडेच पोकळसर, त्यामुळे त्याला आधार बाहेरून द्यावा लागतो. खोड पूर्ण वाळू द्या (ओल राहिली तर रेझिन, म्हणजे लाकडात मुरवून घट्ट करायचा पातळ द्रव, नीट घट्ट होत नाही), जाडसर आकार काढा, मग पातळ सुपरग्लू पाजा. मोठा तुकडा असेल तर व्हॅक्यूममध्ये रेझिन मुरवलेलं बरं. घट्ट झालं की पुन्हा काता, आणि शेवटचे हात अगदी हलके, ताज्या धारेने. माड धार फार लवकर खातो, म्हणून कार्बाइडचं (साध्या पोलादापेक्षा कडक पात्याचं) हत्यार जवळ ठेवा. खोड लेथवर आडवं, त्याच्या लांबीत लावलं असेल तर बाहेरच्या बाजूने जाड भागाकडून बारीक भागाकडे काता. कापल्या जाणाऱ्या तंतूला मग शेजारच्याचा टेकू मिळतो. धूळ बारीक असते, मास्क हवाच.

एवढं केल्यावर जे दिसतं त्यासाठी मी हा खटाटोप पुन्हा पुन्हा करतो. तंतू आडवे कापले गेले तिथे गडद ठिपके, आणि वळणावर तेच ठिपके लांबत लांबत सुईसारख्या रेघा होतात. सागात हे कधीच मिळणार नाही.

जोशुआ ट्रीचं खोड मिळतंय असं कुणी म्हणालं तर ते कुठून आलं हे आधी विचारा. मोहावी वाळवंटातला हाही युक्काच, पण पश्चिमी जोशुआ ट्रीला कॅलिफोर्नियात २०२३ च्या कायद्याने संरक्षण आहे. तिथे मेलेलं झाड हलवायलाही परवानगी लागते.