झाड आपल्या कंपाउंडमधलं, तरी परवानगी लागते का?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. मागच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला गुलमोहर शेजाऱ्यांच्या बाजूला कललाय, मागच्या पावसाळ्यात त्याची फांदी त्यांच्या पत्र्यावर पडली, आता त्यांची नोटीस आलीय की पंधरा दिवसांत झाड काढा नाहीतर दावा लावतो, आणि झाड तोडणारा म्हणतोय रविवारी येऊन उतरवून देतो, स्वतःच्या जागेत कोण विचारतंय.

आधी त्या माणसाला फोन करून नको म्हणून सांगा. बाकीचं नंतर.

तुमचं घर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे, म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो आणि तो जागा कोणाच्या नावावर आहे ते बघत नाही, खाजगी प्लॉटमधल्या झाडालाही परवानगी लागतेच. शिवाय या कायद्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्याला करवत लावणं नाही, जाळणं किंवा कुठल्याही प्रकारे इजा करणं पण त्यातच येतं, त्यामुळे मुळाशी ॲसिड ओतून झाड वाळवायचा जो सल्ला तुम्हाला मिळालाय तो सुद्धा गुन्हाच आहे. दंड आहे, कैदेची तरतूद आहे, आणि प्रत्येक झाडाचा गुन्हा वेगळा धरतात.

पण खरं सांगू का, मला दंडापेक्षा त्या नोटिशीची काळजी वाटते. नोटीस हातात पडली म्हणजे झाड धोकादायक आहे हे तुम्हाला माहीत होतं असं आता कागदावर आलं. उद्या ते पडून कोणाला लागलं तर वादळ आलं, आम्ही काय करणार, हे कोर्टात टिकणं अवघड आहे. आणि न विचारता तोडलं तर गुन्हा. या दोन्हीतून वाचवणारी एकच गोष्ट आहे, नगरपरिषदेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे केलेला लेखी अर्ज आणि त्याची शिक्का मारलेली पोच. तोंडी सांगून आलो याला काही अर्थ नाही, आवक नंबर घ्याच.

अर्जासोबत प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, झाड किती कललंय ते दिसेल असे फोटो, पडलेल्या फांदीचे फोटो आणि शेजाऱ्यांच्या नोटिशीची कॉपी जोडा. हो, तीच नोटीस तुमच्या उपयोगाची आहे, कारण जीवाला किंवा मालमत्तेला धोका हे परवानगीसाठी कायद्यातच मान्य असलेलं कारण आहे. घर अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर अर्ज त्यांच्या सहीने, ते नसतील तर सगळ्या वारसांची संमती, नाहीतर उद्या नणंदच हरकत घेईल. मग स्थळपाहणी होते, झाडावर नोटीस लागते, लोक हरकत घेऊ शकतात, घेतली तर चिडू नका.

झाडाचं वय खरं लिहा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर जेवढं झाडाचं वय तेवढी नवीन झाडं लावावी लागतात, आणि ५० वर्षं किंवा त्यापेक्षा जुनं झाड हेरिटेज धरलं जातं, त्याचे नियम जास्त कडक आहेत. तुमचं ३५-४० वर्षांचं म्हणताय, म्हणजे तेवढी रोपं कुठे लावणार याचा विचार आत्ताच करा. मला विचाराल तर अर्जात पहिली मागणी शेजाऱ्यांकडच्या जड फांद्या उतरवण्याची करा आणि ते शक्य नसेल तर पूर्ण झाड काढण्याची. पुष्कळदा वजन कमी केल्यावर झाड वाचतं, आणि सासऱ्यांच्या हातचं आहे म्हणून तुमचाही जीव अडकलाय हे तुमच्या लिहिण्यात दिसतं.

ऑफिसने काहीच हालचाल केली नाही आणि झाड आणखी कललं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं, पडायला आलेल्या झाडाचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. हा मार्ग शेजाऱ्यांनाही मोकळा आहे हे लक्षात असू द्या. प्रत्यक्ष पडायलाच लागलं तर मात्र थेट अग्निशमन दल, १०१.

नोटिशीला पंधरा दिवसांच्या आत उत्तर द्या, गप्प बसू नका. अमुक तारखेला अर्ज केलाय, पोच सोबत जोडलीय, परवानगी आली की काम करू, तोपर्यंत त्या पत्र्याखाली कोणी बसू नये, एवढंच लिहा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. फांदीने झालेल्या नुकसानाबद्दल त्या पत्रात काही कबूल करू नका, ते बिल बघून वेगळं बोलू.