सिझरचे टाके, अंगावरचं दूध आणि पुढचं बाळंतपण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पहिलं सिझर झालं, बाळ पायाळू होतं म्हणून. मुलगी आता अडीच वर्षांची आहे. पुन्हा दिवस गेलेत, पाचवा महिना चालू आहे. घरचे म्हणतात, एकदा सिझर म्हणजे कायमचं सिझर. या खेपेला नॉर्मल होईल का? (अक्कलकोट)

उत्तर : होऊ शकतं, ताई. पायाळूपणा हे त्या खेपेपुरतं कारण होतं. या वेळी बाळाचं डोकं खाली असेल, तर ते कारणच उरत नाही. एक सिझर झालेल्या आणि नीट निवडलेल्या बायकांपैकी साधारण ७० ते ७५ टक्क्यांचं पुढचं बाळंतपण खालून होतं. दोन बाळंतपणांत दीड वर्षापेक्षा जास्त अंतर असावं लागतं; तुमचं आहे.

पण आधी जुनं डिस्चार्ज कार्ड शोधा. पिशवीवरचा काप आडवा आणि खालच्या भागात होता का, हे त्यावर हवं. पोटावरचा व्रण आडवा आहे म्हणजे आतलाही आडवाच, असं नसतं. आतला काप उभा, वरच्या जाड भागावर असेल, तर कळांची वाट पाहायचीच नाही. कळांच्या जोराने तो व्रण उसवण्याची भीती फार मोठी असते. कार्डावर नुसतं ‘एल.एस.सी.एस.’ लिहिलं असलं तरी काप खालच्या भागातला, एवढं कळतं. सिझरचं कारण मात्र बऱ्याच कार्डांवर लिहिलेलंच नसतं, आणि पुढच्या डॉक्टरला सगळ्यात जास्त गरज त्याचीच असते. कार्ड हरवलं असेल तर त्या दवाखान्यातून ऑपरेशनची नोंद लिहून आणा. आत्ताच आणा, नवव्या महिन्यात नको.

खालच्या आडव्या कापाचा व्रण कळांमध्ये उसवण्याचा धोका दोनशेत एक, असा धरतात. आकडा लहान आहे, पण उसवला तर बाळाच्या हातात मोजकी मिनिटं असतात. पहिली खूण बहुतेक वेळा बाळाचे ठोके घसरणं हीच असते. आईला दुखण्यातला फरक नंतर कळतो, कधी कळतही नाही. म्हणून कळा सुरू झाल्यापासून ठोक्यांचं मशीन सतत लावलेलं हवं, आणि भूलतज्ज्ञ, रक्त व ऑपरेशन थिएटर त्याच इमारतीत तयार हवं. ‘गरज पडली तर भूलवाल्यांना फोन करू’ म्हणणाऱ्या ठिकाणी हा प्रयत्न करू नका. अक्कलकोटहून सोलापूर चाळीसेक किलोमीटर. कळा वाढल्यावर गाडी शोधण्यापेक्षा शेवटचे दोन आठवडे सोलापुरातल्या नातेवाइकांकडे राहिलेलं बरं. तारीख उलटली म्हणून कळा आणायची औषधं द्यायची असतील, तर उसवण्याचा धोका दोन-तीन पटींनी वाढतो, हे विचारून घ्या.

आणखी एक. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार कुठे आहे ते पाहा. जुन्या व्रणावर खाली बसलेली वार पिशवीच्या भिंतीत रुतू शकते. वार तोंडाशी असेल आणि आधी एक सिझर झालं असेल, तर हे सुमारे ११ टक्क्यांत दिसतं. आधी दोन झाली असतील, तर ४० टक्क्यांत. अशा वेळी रक्ताच्या बाटल्या लागतात, कधी पिशवीच काढावी लागते. तिसऱ्या-चौथ्या सिझरला डॉक्टर का कचरतात, ते यावरून लक्षात येईल.

प्रश्न : सुनेचं सिझर ठरलेलंच आहे. गुरुजींनी चांगला मुहूर्त काढून दिलाय, पण तेव्हा साडेसदतीस आठवडे होतात. बाळ तर पूर्ण वाढलेलंच असतं ना? (बार्शी)

उत्तर : आई, मुहूर्त ३९ आठवडे पूर्ण झाल्यानंतरचा काढून घ्या. पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत पाणी भरलेलं असतं. कळा सुरू झाल्या की बाळाच्या अंगातली संप्रेरकं ते पाणी शोषून घ्यायला लावतात. कळांआधीच सिझर केलं तर हे काम अर्धवट राहतं. बाळ मिनिटाला साठहून जास्त श्वास घेतं, कण्हतं, आणि त्याला एक ते तीन दिवस काचेत ठेवावं लागतं. आई एका मजल्यावर, बाळ दुसऱ्यावर, आणि दूध लांबतं. आठवडे मोजताना पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी धरा. नवव्या महिन्यातली तारखेसाठी भरवशाची नसते. आईचा बीपी, बाळाची खुंटलेली वाढ, वारेतून रक्तस्राव अशी कारणं असतील, तर मात्र डॉक्टर सांगतील तेव्हाच. तिथे ना मुहूर्त, ना ३९ आठवडे.

प्रश्न : मे महिन्यात सिझर झालं. टाक्यांपाशी ओलसर वाटतं. शेगडीचा शेक घ्यावा का? पट्टा किती वेळ बांधायचा? (होटगी रोड, सोलापूर)

उत्तर : शेक नको. सोलापुरात पारा ४२-४३ वर असताना बंद खोलीत कोळशाची शेगडी म्हणजे बाळंतिणीला घाम आणि दोघांच्याही श्वासात विषारी वायू. पोटाची घडी टाक्यांवर पडते, तिथे घाम साचतो आणि जखम चिघळते. पट्टी निघाली की रोज साबण-पाण्याने अंघोळ करा, जखम चोळू नका, स्वच्छ सुती कापडाने टिपून घ्या. दुपारी आडवं पडून घडी उचलून पंख्याची हवा लागू द्या. हळद, तेल, पावडर काही नको. पट्टा चालताना-खोकताना आधाराला ठीक, झोपताना सोडा. पाणी तोडू नका.

जखमेत पू बहुधा घरी आल्यावर, चौथ्या ते सातव्या दिवशी होतो. १००.४ च्या वर ताप, पसरत जाणारी लाली, पू, अंगावरच्या जाण्याला घाण वास, तासाभरात भिजून जाणारा पॅड, एकाच पोटरीला सूज, किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन प्रचंड डोकेदुखी : यांतलं काहीही दिसलं, तर त्याच दिवशी दवाखाना. बसल्यावर वाढणारी आणि आडवं होताच थांबणारी डोकेदुखी मणक्यात दिलेल्या भुलेच्या इंजेक्शनची असते; डॉक्टरांना सांगा, तिला इलाज आहे. वर्षानुवर्षांची कंबरदुखी मात्र त्या इंजेक्शनच्या माथी मारू नका.

प्रश्न : सिझरनंतर तीन दिवस दूध येत नाही, तोवर वरचं दूध किंवा मध द्यावा का? (पंढरपूर)

उत्तर : मध नाहीच. चीक पहिल्या दिवसापासून असतो, थेंब-थेंब, आणि बाळाच्या पोटाला तेवढा पुरतो. भरून दूध यायला सिझरनंतर एखादा दिवस जास्त लागतो. पहिल्या तासातच बाळ छातीवर घ्या, मग दिवस-रात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजा. टाक्यांवर भार नको म्हणून बाळाला काखेत, पाय पाठीमागे करून धरा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बाळ दिवसाला सहा वेळा शू करत असेल, तर दूध पुरतंय. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात सिझरला किती खर्च येतो? (मोहोळ)

उत्तर : काही नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि सिझरनंतर सात दिवसांपर्यंतचं जेवण मोफत आहे, नेण्या-आणण्याची गाडीही. १०२ किंवा १०८ ला फोन करा. सोबत माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद ठेवा. निघताना डिस्चार्ज कार्डावर सिझरचं कारण आणि काप कुठला, हे लिहून मागा.