अर्धवट कॅनव्हास आणि दालनांच्या भेटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते. निवृत्तीनंतर तैलरंगात काम करू लागले. सध्या सात-आठ कॅनव्हास भिंतीला टेकून उभे आहेत आणि एकही पुरा झालेला नाही. त्यातल्या त्यात पुढे गेलेल्या चित्रात जुन्या वाड्याच्या माडीचा लाकडी कठडा आणि मागची चुन्याची भिंत आहे. कठडा मनासारखा उतरला आहे, पण भिंत कितीदाही रंगवली तरी निर्जीवच दिसते. घरचे म्हणतात, आधी एक पुरे कर, मगच दुसरे हातात घे. त्यांचे ऐकावे का?

उत्तर : तैलरंगाच्या बाबतीत तरी ऐकू नये. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते, आणि बडोद्याच्या पावसाळ्यात हे काम आणखी रेंगाळते. त्यातही प्रत्येक रंगाची चाल वेगळी असते. अंबर हा तपकिरी रंग लवकर वाळतो, टायटेनियम पांढरा मात्र बराच वेळ ओला राहतो. एका चित्राचा थर वाळेपर्यंत दुसऱ्यावर काम करणे ही या माध्यमाची रीतच आहे. मात्र सात-आठ ही संख्या मला जास्त वाटते. दोन-तीन चित्रे समोर ठेवावीत आणि बाकीची तोंड भिंतीकडे करून ठेवावीत. येता-जाता रोज दिसणाऱ्या चित्रातला दोष डोळ्यांच्या सवयीचा होऊन जातो आणि मग तो दिसेनासा होतो.

आता भिंतीविषयी. रंगाला हात लावण्यापूर्वी कॅनव्हास खिडकीजवळ नेऊन तिरप्या उजेडात पाहावा. कठड्याचा भाग चकाकत असेल आणि भिंतीचा भाग खडूसारखा कोरडा दिसत असेल, तर रंग चुकलेला नाही. वरच्या थरातले तेल खालच्या थराने शोषून घेतले आहे. अशा वेळी थर पूर्ण वाळल्यावर जवसाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे पातळ मिश्रण धागे न सुटणाऱ्या कापडाने त्या जागी चोळावे आणि जास्तीचे लगेच पुसून काढावे. मूळ रंग बहुधा पुन्हा वर येतो. त्यानंतर जे थर द्याल त्यांत तेलाचे प्रमाण खालच्या थरांपेक्षा कमी होऊ देऊ नये, कारण वरचा थर आधी कडक झाला आणि खालचा मागाहून हलला तर पुढे भेगा पडतात.

हा उपाय करूनही भिंत जिवंत झाली नाही, तर दोष पांढऱ्या रंगात शोधावा लागेल. चुन्याची भिंत पांढरी असते हे आपल्याला ठाऊक असते, म्हणून आपण ती पांढरी रंगवतो. प्रत्यक्षात तिच्या सावलीच्या भागात समोरच्या घराचा, अंगणाचा, फार काय वाळत घातलेल्या लुगड्याचाही रंग उतरलेला असतो. शिवाय मला एक शंका आहे. कठडा मनासारखा जमला म्हणून तुम्ही दर वेळी भिंत रंगवताना त्याच्या कडेपाशी हात आवरता घेत असाल. तसे असेल तर कठड्याभोवती एक कडक, कापून चिकटवल्यासारखी रेघ तयार झाली असेल. लाडक्या भागाला हात लावायचे टाळले की चित्र तिथेच अडते. कठड्याची एखादी कड भिंतीच्या रंगात विरघळू द्या. बिघडलीच तर पुन्हा काढता येईल.

चित्र कधी थांबवावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण प्रश्न त्यातच दडला आहे. पुढचा फटकारा कोठे आणि कशासाठी मारायचा हे एका वाक्यात सांगता येत असेल तर काम चालू ठेवावे. ‘इथे अजून काहीतरी हवे’ एवढेच सांगता येत असेल तर कुंचला खाली ठेवावा.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी असून चित्रकलेची आवड आहे. सुट्टीच्या दिवशी शहरातील संग्रहालये आणि दालने पाहतो, पुष्कळ छायाचित्रे घेतो, परंतु घरी आल्यावर स्वतःचे काम फिके वाटते आणि काही दिवस हातच चालत नाही. दालने पाहणे कमी करावे काय?

उत्तर : भेटी कमी करण्याची गरज नाही, चित्रांची संख्या मात्र कमी करावी. एका फेरीत पन्नास चित्रे पाहणाऱ्याच्या हाती फक्त दडपण लागते. घरून निघताना आपल्या चालू चित्रातली एक अडचण सोबत न्यावी आणि त्या अडचणीचे उत्तर एखाद्या भिंतीवर आहे का, एवढेच पाहावे. जेथे छायाचित्रे घेण्यास मनाई आहे तेथे तर हे आपोआपच घडते. पेन्सिल आणि लहानशी वही पुरेशी असते.

बडोद्यात अशा शोधाला तोटा नाही. वस्त्र किंवा दागिना रंगवताना अडला असाल, तर महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्यांच्या पौराणिक चित्रांपुढे उभे राहावे. जरीचा काठ चार-पाच पावलांवरून सोन्याचा भासतो. परवानगी असेल तितके जवळ जावे, म्हणजे कळते की तेथे वर्ख नाही, मातकट पिवळ्यावर आणि तपकिरीवर फिकट पिवळ्याचे मोजके जाड ठिपके आहेत, आणि तेही घडी जेथे उजेडाकडे वळते तेथेच. मग मागे सरकावे आणि तो भास कोणत्या अंतरावर परत येतो ते पाहावे. हे पुढे-मागे जाणे छायाचित्रात करता येत नाही.

अनेक आकृती एकत्र बसवण्याची अडचण असेल तर कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात जावे. नंदलाल बोस यांनी तेथील चार भिंतींवर गंगावतरण, मीरेचे जीवन, रवींद्रनाथ टागोरांचे ‘नटीर पूजा’ हे नाटक आणि महाभारतातील युद्ध हे विषय १९३९ ते १९४६ या काळात, पुन्हा पुन्हा बडोद्याला येऊन रंगवले. अर्धवट कामाची लाज वाटणाऱ्याने हा कालावधी ध्यानात ठेवावा. गर्दीत मोकळी जागा कोठे सोडली आहे आणि रेषा नजरेला कोठून कोठे नेते, याचे वहीत साध्या पट्ट्यांनी टिपण करावे. चेहरे काढत बसू नये. तांबेकर वाड्यातील एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रांत भिंतीचे लहान लहान चौकटींत केलेले भाग पाहण्यासारखे आहेत. वाडा बडोद्याचे दिवाण विठ्ठल खंडेराव तांबेकरांचा, आपल्यापैकी अनेकांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचा, आणि तरीही न पाहिलेला. कमाटी बागेतील चित्रदालनात युरोपीय तैलचित्रे आहेत. ती इमारत १९१४ मध्ये पूर्ण झाली, पण महायुद्धामुळे चित्रे युरोपातून येण्यास विलंब झाला आणि दालन १९२१ मध्ये उघडले.

मात्र स्वतःचे काम फिके वाटते, या तुमच्या तक्रारीवरचा खरा उतारा जुन्या संग्रहांत नाही. १९५० मध्ये स्थापन झालेल्या, आणि इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी सुरुवातीच्या काळात जेथे चित्रकला शिकवली त्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विद्याशाखेतील विद्यार्थ्यांचे वार्षिक प्रदर्शन चुकवू नये. तेथे तुमच्याच वयाच्या मुलांची जमलेली आणि फसलेली कामे शेजारी शेजारी लागतात. ती कामे करणारे बहुधा जवळच उभे असतात. ‘छान आहे’ म्हणून पुढे सरकू नये. हा भाग किती वेळा पुसला, कागद कोणता, आधी काय होते, असे विचारावे. माझा अनुभव असा की हे प्रश्न ऐकून कोणी कंटाळत नाही.

प्रश्न : अपूर्ण चित्रे समाजमाध्यमांवर टाकावीत का? मित्र आग्रह करतात.

उत्तर : टाकावीत, पण त्या टप्प्याचा निर्णय स्वतः घेऊन झाल्यावर. निळ्या आकाशाला चाळीस जणांनी दाद दिली की ते आकाश बदलण्याचे धैर्य राहत नाही, मग चित्राला राखाडी आकाश हवे असले तरीही. सल्ला हवा असेल तर चित्रे करणाऱ्या एक-दोघांना प्रत्यक्ष बोलवावे आणि त्यांना चित्र आरशातही दाखवावे. उलट्या प्रतिमेत तोल गेलेला लगेच दिसतो.

प्रश्न : प्रदर्शन जवळ आले आहे. नुकत्याच संपवलेल्या तैलचित्राला वॉर्निश लावले तर चालेल का?

उत्तर : नेहमीचे वॉर्निश लावू नये. बोटाला कोरडे लागणारे चित्र आतून ओले असू शकते, आणि जाड रंगाच्या चित्राला सहा महिने ते वर्षभर थांबणे योग्य. प्रदर्शनापुरते रीटच वॉर्निशचा, म्हणजे तात्पुरत्या हलक्या वॉर्निशचा, पातळ हात पुरतो. तो थर चित्राचे वाळणे थांबवत नाही. नेआण करताना रंगाच्या बाजूला वर्तमानपत्र किंवा प्लास्टिक थेट चिकटू देऊ नये. चारही कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे लावून मगच चित्र गुंडाळावे.