६ व्होल्टच्या जुन्या जावा-येझदीवर एलईडी हेडलाइट कसा बसवायचा?

आधी गाडी १२ व्होल्टवर आणा. डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) तोच ठेवा. यांत्रिक रेग्युलेटर (डायनॅमोचं व्होल्टेज आवरणारा भाग) काढून ६ व्होल्टच्या डायनॅमोसाठीच बनवलेला १२ व्होल्टचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बसवा. चार्जिंग इंजिनच्या जरा जास्त आरपीएमला (फेऱ्यांना) सुरू होतं, आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू) बॅटरी थोडी उतरते. म्हणूनच एलईडी परवडतो: जुना ३५ वॉटचा बल्ब ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर खायचा, २० वॉटचा एलईडी १२ व्होल्टवर १.७ खातो.

बॅटरी, इग्निशन कॉइल (स्पार्क देणारी), हॉर्न आणि सगळे बल्ब १२ व्होल्टचे घ्या. कॉइल ६ व्होल्टचीच राहिली तर करंट दुप्पट होऊन कॉइल तापते, पॉइंट (कॉइलचा करंट तोडणारे संपर्क) जळतात. इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशरही इलेक्ट्रॉनिक हवा. जुन्याला एलईडी इंडिकेटरचा करंट पुरत नाही.

हेडलाइटला १.५ चौरस मिमी वायर, बाकी दिव्यांना ०.७५ पुरे. बॅटरीच्या प्लसजवळ १५ अँपिअरचा फ्यूज. एलईडी उलटा जोडला तर पेटत नाही, म्हणून फ्रेमला बॅटरीचं कोणतं टोक जोडलंय ते आधी मीटरने बघा.

बऱ्याच तक्रारी अर्थिंगच्याच, म्हणजे करंट फ्रेममधून बॅटरीकडे नीट परत न जाण्याच्या. पावडर कोटिंगवर अर्थ मिळत नाही. हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढाच.