मॅटवरचा निळा चुरा

प्रश्न : माझी 2011 सालची छोटी गाडी आहे. गेल्या आठवड्यापासून चावी काढली तरी मागचे पार्किंग लाइट जळतच राहतात. दोनदा सकाळी बॅटरी पार उतरलेली, शेजाऱ्यांना हाका मारून धक्का द्यावा लागला. गॅरेजवाला म्हणतो, स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच, म्हणजे दिवे-इंडिकेटरच्या दांडीचा स्विच, गेलाय, अख्खा बदलावा लागेल. त्यात धाकट्यानं काहीतरी मोडून ड्रायव्हरच्या मॅटवर निळ्या प्लास्टिकचा चुरा करून ठेवलाय. स्विच बदलू का? — एक वाचक, कराड

उत्तर : थांबा. आणि धाकट्याला रागावला असाल तर आधी त्याची समजूत काढा. तो चुरा बहुतेक त्याचा नाही, तुमच्या ब्रेक पेडलचा आहे.

जळतायत ते पार्किंग लाइट आहेत, हे कशावरून ठरवलंत? पुष्कळ गाड्यांत मागच्या एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, 5 वॅटची पार्किंगची आणि 21 वॅटची ब्रेकची. काच तीच, रंग तोच, त्यामुळे फसायला होतं. आज रात्री गाडीच्या मागे जाऊन नंबर प्लेटचा दिवा बघा. तो पार्किंगच्याच लायनीवर असतो. तो जळत असेल तर गॅरेजवाल्याचं ऐकण्यात अर्थ आहे. दांडीचा स्विच किंवा चिकटलेला रिले (दिव्यांची वीज चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) तपासावा लागेल. नंबर प्लेट अंधारात आणि वरचे लाल दिवे मात्र भगभगीत, तर ते ब्रेक लाइट आहेत. तुमच्या पत्रातल्या चुऱ्यावरून मी दुसऱ्या शक्यतेवर पैज लावतो.

ब्रेक पेडलच्या दांड्यावर वरच्या बाजूला एक भोक असतं आणि त्यात प्लास्टिकचं किंवा रबराचं बटण बसवलेलं असतं. पाय काढला की पेडल वर येतं, ते बटण ब्रेक स्विचची पिन आत दाबतं आणि दिवे विझतात. दहा-बारा वर्षांत उन्हानं, उष्णतेनं ते बटण बिस्किटासारखं होतं आणि एक दिवस भुगा होऊन खाली पडतं. मग पिन भोकातून आरपार जाते आणि स्विचला वाटतं, पाय ब्रेकवरच आहे. यात चावीचा संबंध नाही, कारण बहुतेक गाड्यांत ब्रेक लाइटला वीज थेट बॅटरीकडून येते. दोन बल्बांचे 42 वॅट म्हणजे 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर. 35 अँपिअर-अवरची बॅटरी नवी असली तरी या हिशोबानं दहा तासांत संपते, मग जुनी रात्रभर कशी टिकणार?

खात्री करायची तर टॉर्च घेऊन डॅशखाली वाका आणि ती पिन बोटानं दाबा. दिवे विझले की निदान झालं. बटण स्पेअरच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतं. मिळेपर्यंत भोकात चपट्या डोक्याचा छोटा बोल्ट घालून मागून नट आवळा. मात्र पेडल हलकं दाबताच दिवे लागतात का, हे दुसऱ्या माणसाला मागे उभं करून बघा. तोवर रात्री 10 नंबरच्या पान्यानं बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवा. आणि हे झाल्याशिवाय घाटात जाऊ नका. मागच्या ट्रकवाल्याला तुम्ही ब्रेक मारलाय की नाही हे कळायची सोयच उरलेली नाही.

उमेदवारीत मी याच दुखण्यासाठी एका टॅक्सीची अर्धी वायरिंग उसवली होती. उस्ताद आले, वाकले, एक बोल्ट लावला आणि चहा सांगून बसले. वायरिंग परत बांधायला मला संध्याकाळ झाली.

प्रश्न : माझ्या जर्मन गाडीचे लॉक केल्यावर फक्त डाव्या बाजूचे पुढचे-मागचे दिवे जळत राहतात. शॉर्ट आहे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, इंडिकेटरची दांडी डावीकडेच राहिलीय. तिकडच्या अरुंद रस्त्यांवर कडेला उभ्या केलेल्या गाडीची रस्त्याकडची बाजू अंधारात दिसावी, म्हणून ही मुद्दाम दिलेली सोय आहे. दांडी मधे आणा. दार उघडताना टिंगटिंग वाजतं ना, ते यासाठीच असतं.